बाबांना घेऊन एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातेयस, तर आधी ते कापलेले दोन दिवस परत मिळव

पत्र:
"ताई, मी डोंबिवलीची, वय ३३. आम्ही आठजण ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललोय. सगळे सह्याद्रीत फिरणारे, अलंग-मदन-कुलंग झालंय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय. माझे बाबाही येतायत, वय ६१, बीपीची गोळी चालू आहे पण दरवर्षी पायी वारी करतात, स्टॅमिना आमच्यापेक्षा चांगला. आमच्या लीडर दादाने सुट्ट्या वाचवायला प्लॅनमधले आरामाचे दोन्ही दिवस काढून टाकलेत, म्हणतो सह्याद्रीवाल्यांना त्याची गरज नाही, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी पहिल्या दिवसापासून खायची की झालं. मला धाकधूक वाटतेय पण बोलले तर घाबरट म्हणतील. शिवाय तिघांच्या बॅगा एका पोर्टरला देऊन पैसे वाचवायचं चाललंय, ते पटत नाहीये. बाबा नवरात्राचे उपास धरतात ते वेगळंच. काय करू?"

उत्तर:

तुझी धाकधूक अगदी बरोबर आहे गं, आणि ती तू आत्ता घरी बसून बोललीस तर सगळ्यांच्या फायद्याची आहे, तिकडे पाच हजार मीटरवर रात्री दोन वाजता बोलण्यापेक्षा कितीतरी सोपी. आधी दादाच्या प्लॅनबद्दल बोलूया कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

लुक्लाला विमान उतरतं ते साधारण २,८५० मीटरवर. पहिली रात्र फाकडिंग, म्हणजे उलट थोडं खाली, २,६१० मीटर. दुसरी नामचे बाजार, ३,४४० मीटर. तिथून तुमच्या प्लॅनप्रमाणे न थांबता तिसऱ्या दिवशी तेंगबोचे (३,८६० च्या आसपास), चौथ्या दिवशी दिंगबोचे (४,४१०), पाचव्या दिवशी लोबुचे (४,९४०) आणि सहाव्या दिवशी गोरकशेपला (५,१६४) सामान टाकून बेस कॅम्प, तो ५,३६४ मीटरवर. आता जगभर डोंगरातले डॉक्टर जो नियम सांगतात तो काय आहे तर ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर झोपायचं नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची. तुमच्या प्लॅनमध्ये फाकडिंग ते नामचे एका दिवसात आठशेहून जास्त मीटर, पुढे तेंगबोचे-दिंगबोचे पाचशेच्या वर, दिंगबोचे-लोबुचे परत पाचशेच्या वर, आणि मध्ये एकही थांबा नाही. नामचेला एक आणि दिंगबोचेला एक असे दोन दिवस प्लॅनमध्ये असतात ते कुणाचे पाय दुखतात म्हणून नसतात, शरीराला तेवढा वेळ लागतोच म्हणून असतात. ते काढायचे म्हणजे ट्रेकमधला सगळ्यात कामाचा भाग काढला.

सह्याद्रीवाल्यांना गरज नाही हे जे म्हणणं आहे ना, ते मी बऱ्याच ग्रुपमध्ये ऐकलंय आणि ते मनापासून बोलतात लोक, फुशारकी म्हणून नाही. अलंग-मदन-कुलंग केलेल्या माणसाला दोर कळतो, कातळ कळतो, एक्स्पोजर म्हणजे पायाखालची उघडी दरी कळते, ते सगळं खरं. पण कळसूबाई आपलं सगळ्यात उंच शिखर आणि ते १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रात कुठेही, कितीही अवघड वाटेने चढलीस तरी विरळ हवेचा प्रश्न आलेलाच नसतो. गोरकशेपला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरासा वर असतो, त्यामुळे दर श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी मिळतो. त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीर श्वास वाढवतं, किडन्या रक्तातलं गणित बदलतात, आणि हे सगळं दिवसांच्या हिशोबात होतं, तासांच्या नाही. फिटनेसने ते लवकर होत नाही. उलट फिट माणूस जास्त अडकतो कारण त्याचे पाय त्याला पटापट वर नेतात आणि बाकी शरीर मागे राहतं. बाबांची वारी त्यांना रोज सात-आठ तास चालायचं बळ देईल, मनाची तयारी देईल, ती फार मोठी गोष्ट आहे. पण उंची कुणाला लागेल आणि कुणाला नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही, त्यांनाही नाही आणि तुमच्यातल्या पंचविशीतल्या पोरालाही नाही.

डायमॉक्सबद्दल. औषध चांगलं आहे, शरीराला जुळवून घ्यायला खरंच मदत करतं, नुसतं डोकेदुखी झाकत नाही. पण ते आरामाच्या दिवसाच्या बदल्यात नाही, त्याच्या जोडीला आहे. साधारण १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ असा डोस देतात, पण तुमच्यातल्या प्रत्येकाला तो घ्यायचा का आणि किती हे डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगायलाच हवं. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरायचं नाही, पण घरीच दोन दिवस घेऊन बघितलं तर अंगाला कसं लागतंय ते कळतं. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते बघावं लागेल कारण मग दोन्ही मिळून अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊ शकतात. उंचीवर बीपी वाढतंही. त्यामुळे बाबांना फिजिशियनकडे ने, स्ट्रेस टेस्ट लागेल का विचार, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद किंवा दुप्पट करायच्या नाहीत हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकू दे, मुलीचं ऐकतील याची खात्री नसते. वय ६१ आहे म्हणून नेऊ नको असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यांच्याहून मोठी माणसं नीट तयारीने जाऊन येतात.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. वर गेल्यावर माणसं आजारी पडतात त्याहून जास्त धोका आहे तो आजारी आहोत हे लपवण्याचा. तू आत्ताच लिहिलंयस ना, बोलले तर घाबरट म्हणतील. हेच वाक्य घेऊन आठही जण वर जाणार आहेत. रात्री डोकं ठणकतंय, जेवण बघवत नाही, तरी सकाळी विचारलं की "मस्त, एकदम मस्त". का तर माझ्यामुळे ग्रुप थांबायला नको, इतके पैसे भरलेत, इन्स्टावर सगळ्यांना सांगून झालंय. आणि वडीलधारी माणसं तर अजून लपवतात, बाबा तुझा ट्रेक बिघडू नये म्हणून तोंडातून अक्षर काढणार नाहीत, लिहून घे माझ्याकडून.

म्हणून निघायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून हे ठरवा, तोंडदेखलं नाही, खरंच ठरवा. उंचीवर डोकं दुखलं तर ते उंचीमुळेच दुखतंय असं धरायचं, ऊन लागलं असेल, चहा नाही मिळाला असेल अशी कारणं नंतर. डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक मेलेली, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं यातलं काही असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. थांबून वाढलं तर खाली. आणि दोन गोष्टी अशा की त्यात सकाळची वाटसुद्धा बघायची नाही. एक, माणूस तोल जाऊन चालायला लागला किंवा असंबद्ध बोलायला लागला, म्हणजे मेंदूला सूज येतेय. दुसरी, बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, ओठ निळसर, कफ फेसाळ किंवा गुलाबी, म्हणजे फुप्फुसात पाणी. यात रात्र असो, पाऊस असो, निदान ५०० ते १,००० मीटर खाली उतरवायचं, सोबत कुणीतरी हवंच, ऑक्सिजन असेल तर लावायचा, पण ऑक्सिजन येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही.

तोल बघायची एक साधी टेस्ट आहे ती सगळ्यांनी घरीच शिकून घ्या. लॉजच्या डायनिंग हॉलमध्ये लाकडी फळ्या असतात, त्यातली एक फळी धरायची आणि तिच्यावरून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत दहा-बारा पावलं चालायचं, वळून परत यायचं. धडधाकट माणूस दमलेला असला तरी हे करतो. ज्याचं पाऊल फळीबाहेर पडतंय, हात पसरावे लागतायत, भिंत धरावी लागतेय, त्याला "झोप, सकाळी बरं वाटेल" असं म्हणायचं नाही. संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनीच करायची, बाबांनी, दादाने, तू, पोर्टरने, गाईडने. सगळेच करतात म्हटलं की कुणाला लाज वाटत नाही. हे मी फार आग्रहाने सांगतेय कारण याला पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही.

मशीनवरून आठवलं, कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरोघरी आहे, तो नेलात तर चालेल पण त्याच्यावर ट्रेक चालवू नका. लोबुचेला ८० च्या आसपासचा आकडा कित्येक बऱ्या माणसांनाही दिसतो, घरी तेवढा दिसला असता तर धावत हॉस्पिटलला गेलो असतो. बोटं गार असली की आकडा चुकतो. त्यामुळे एकमेकांचे आकडे बघून शर्यत लावायची नाही, आणि आकडा चांगला आहे पण माणूस डोकं धरून बसलाय तर माणसाकडे बघायचं.

फेरिचेला, दिंगबोचेजवळच, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची छोटी क्लिनिक आहे, ही संस्था १९७३ पासून हेच काम करतेय. सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या आजारावर माहिती देतात. दिंगबोचेचा आरामाचा दिवस परत मिळवलात की सकाळी वरच्या धारेवर थोडं चढून या, मग दुपारी सगळ्यांनी तिथे जाऊन ऐका. दादाला मुद्दाम पुढे बसव. नामचेच्या दिवशीपण लोळायचं नाही, खुमजुंगच्या बाजूला ३,८०० च्या पुढे चढून परत नामचेला झोपायला यायचं, चढायचं उंच झोपायचं खाली. खुमजुंगच्या शेजारी खुंदेला एडमंड हिलरींनी १९६६ मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटल आहे तेही लक्षात ठेवा.

उपासाचं बघ. उंचीवर भूक तशीच मरते, शरीर मात्र नेहमीपेक्षा जास्त खर्च करतं, त्यात नऊ दिवस साबुदाणा आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर कसं निघेल? दोन्ही वेळ डाळ-भात पोटभर खायला हवा. बाबांना सांग की आजारी माणसाला, प्रवासातल्या माणसाला उपासातून सूट आपल्याकडे आधीपासून आहे, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी धरून उठता-बसता करणारे आपल्यात कितीतरी जण आहेत, त्यांनी तारखा बघून घरीच काय तो संकल्प करावा. सोबत पाणी तीन-चार लिटर, दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद, त्याने झोपेतला श्वास मंदावतो. तू स्वतः पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचा विचार करत असशील तर आपल्या मनाने घेऊ नकोस, तेही डॉक्टरांना विचार. पॅड वापरलेस तर झिपच्या पिशवीत बंद करून खाली घेऊन ये, तिथल्या टॉयलेटच्या खड्ड्यात नाही टाकायचं.

पोर्टरचं तुला पटत नाहीये ते फार चांगलंय, ते तसंच पटू देऊ नकोस. दोन माणसांमागे एक पोर्टर, प्रत्येकाची बॅग १५ किलोच्या आत, म्हणजे एकूण ३० किलो, याच्या वर नको. लुक्लाच्या विमानातही सामान १५ किलोच्या आसपासच नेऊ देतात, मग तिघांच्या बॅगा एकावर टाकल्या तर ४५ किलो झाले आणि शिवाय त्याचं स्वतःचं सामान. आपल्याकडे समज असा की पोर्टर म्हणजे शेर्पा आणि शेर्पाला उंची लागत नाही. बरेचसे पोर्टर खालच्या टेकड्यांतल्या गावांतून आलेले राई, तामांग, मगर असतात, त्यांनाही तुमच्याइतकीच उंची लागते आणि ते तुमच्याहून जास्त लपवतात, कारण बोललं तर रोज बुडेल. निघताना त्याचे बूट बघा, जॅकेट, हातमोजे, बर्फात लागणारा गॉगल बघा, नसेल तर एजन्सीला तिथल्या तिथे विचारा, त्याचा विमा काढलाय का तेही विचारा. तो आजारी पडला तर त्याचे पैसे देऊन एकट्याला खाली पाठवून द्यायचं असं कधीही होता कामा नये, त्याची भाषा येणारं कुणीतरी त्याच्यासोबत उतरलं पाहिजे. आणि ऑक्टोबर म्हणजे तिकडे दशैं, आपलं नवरात्र-दसरा तेच त्यांचे वर्षातले मोठ्या सणाचे दिवस, त्यातले कितीतरी जण घरचा सण सोडून तुमच्या बॅगा उचलायला आलेले असतील. त्या दिवशी त्यांच्यासोबत जेवा, टीप ग्रुपमधून आधीच वेगळी काढून ठेवा, शेवटच्या दिवशी खिसे चाचपू नका.

वाटेत याक आणि खेचरांच्या रांगा येतात. तेव्हा डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, पाठीवरच्या सामानाचा धक्का लागून माणसं खाली गेलेली आहेत. झुलत्या पुलावर आधी जनावरं जाऊ देत.

मणी भिंती लागतील, दगडांवर मंत्र कोरलेले, त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आपण प्रदक्षिणा घालतो तसंच, त्यामुळे आपल्या लोकांना ते लगेच जमतं. त्या दगडांवर बसायचं नाही, बॅग टेकवायची नाही आणि एखादा सुंदर दिसतोय म्हणून उचलून तर अजिबात आणायचा नाही. लॉजमधल्या चुलीत कागद, टिश्यू टाकायचे नाहीत, शेर्पा घरात चूल पवित्र असते. तेंगबोचेच्या मठात संध्याकाळी पूजेला बसायला मिळतं, बूट बाहेर, फोन खिशात. हा मठ १९३४ च्या भूकंपात पडला, १९८९ मध्ये जळाला आणि दोन्ही वेळा लोकांनी परत बांधला, तिथे बसताना हे माहीत असलेलं बरं.

तुमच्यासारखे ग्रुप सोबत भगवा नेतात. जरूर न्या, महाराजांचं नाव वर घेतलं की ऊर भरून येतो ते मला कळतं. फक्त तो तिथल्या प्रार्थनेच्या पताकांवर बांधू नका, हातात धरून फोटो काढा आणि परत घेऊन या, तिथे सोडलेला झेंडा चार महिन्यांत चिंधी होऊन बर्फात पडतो आणि त्याहून मोठा अपमान दुसरा नाही. लोबुचेच्या आधी थुकला खिंडीत एव्हरेस्टवर जीव गमावलेल्या लोकांची स्मारकं आहेत, दगडांचे चबुतरे, त्यात शेर्पांची कितीतरी. १८ एप्रिल २०१४ ला बेस कॅम्पच्या वरच्या खुंबू आइसफॉलमध्ये, म्हणजे हिमनदीच्या तुटक्या उतारावर, हिमप्रपातात एका सकाळी १६ नेपाळी कामगार गेले, त्यांच्या घरची माणसं याच खोऱ्यात आणि आसपास राहतात, कदाचित तुम्हाला चहा देणारी बाई त्यांच्यातलीच असेल. तिथे घोषणा नकोत, स्पीकर नको, ग्रुप सेल्फीही नको.

हवामानाबद्दलही गाईडने "नको" म्हटलं तर वाद घालायचा नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्येच, विशाखापट्टणमला धडकलेल्या हुडहुड वादळाचा उरलेला भाग दोन दिवसांनी नेपाळात पोचला आणि अन्नपूर्णा भागात थोरोंग ला खिंडीच्या आसपास बर्फात ४० च्या वर माणसं गेली, ट्रेकर, गाईड, पोर्टर सगळे. ऑक्टोबर म्हणजे स्वच्छ आकाश हे बहुतेक वेळा खरं असतं, दरवेळी नसतं.

दादाशी बोलताना "मला भीती वाटते" असं नको म्हणूस, त्याच्यासमोर वरचे आकडे ठेव, कुठल्या रात्री किती मीटर ते कागदावर लिहून. चांगला लीडर असेल तर बघितल्याबरोबर कळेल त्याला. सुट्ट्यांचाच प्रश्न असेल तर बेस कॅम्प सोडून नामचेला थांबून तेंगबोचेपर्यंतच जाऊन या, तिथून अमा दबलम शिखर इतकं जवळून दिसतं की तेवढ्यासाठी पण जावं. आणि तो ऐकतच नसेल तर तू आणि बाबा तुमचा गाईड वेगळा घेऊन दोन दिवस मागून या, मैत्री तुटत नाही त्याने.

विमा काढताना पॉलिसी नीट वाच, बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत ठराविक उंचीच्या वरचा ट्रेक धरतच नाहीत, ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर दोन्ही लिहिलेलं हवं, बाबांचं बीपी लपवून पॉलिसी घेतलीत तर ऐनवेळी क्लेम अडकेल. किरकोळ त्रासात हेलिकॉप्टर बोलवायचा कुणी आग्रह धरला तर आधी डॉक्टरला दाखवा, विम्याच्या पैशासाठी खोटे रेस्क्यू केल्याची प्रकरणं तिथे उघडकीला आलेली आहेत. लुक्लाची विमानं हवेमुळे रखडतात, सीझनमध्ये काठमांडूऐवजी काठमांडूबाहेरच्या रामेछाप विमानतळावरून सुटतात, त्यामुळे मुंबईचं परतीचं तिकीट काढताना दोन दिवस मोकळे ठेव. बाबांकडे पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं, नुसत्या आधारवर त्यांच्या वयाला नेपाळचं विमान मिळत नाही, ६५ च्या पुढे असते तर मिळालं असतं. ते कार्ड कपाटात कुठे आहे ते आजच शोधून ठेव, आणि फिजिशियनची वेळ या आठवड्यातली घे.